चौघे सोबत धावतात, मग दुखापत एकालाच का?

नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर रविवारी पहाटे धावणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये एक जण असा असतोच, ज्याचं वर्षातले चार महिने काही ना काही दुखत असतं. बॅडमिंटनच्या कोर्टावर तसाच एक, रात्रीच्या टर्फ क्रिकेटमध्ये तसाच एक. बाकीचे तेवढंच खेळतात, वयानेही जवळपास तेवढेच असतात. मग त्याच्याबद्दल ठरलेली वाक्यं येतात: याचं अंगच नाजूक, याचे तळपाय सपाट, हा स्ट्रेचिंग करत नाही, याने आता फक्त चालावं. यातलं बहुतेक चुकीचं आहे. आणि ते चुकीचं असल्यामुळे तो बिचारा भलत्याच जागी दुरुस्ती करत बसतो, महागडे बूट घेतो, सोल बदलतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बर्फाची पिशवी घेऊन बसतो.

खरं कारण पुष्कळदा साध्या हिशोबात सापडतं. समजा रविवारी सगळ्यांनी मिळून १५ किलोमीटर करायचं ठरवलं. पहिल्याने गेल्या महिन्याभरात एकदा १४ केलेले आहेत. चौथ्याची गेल्या तीस दिवसांतली सगळ्यात लांब धाव ९ किलोमीटरची. पहिल्यासाठी आजचं अंतर सात टक्क्यांनी जास्त आहे, चौथ्यासाठी सहासष्ट टक्क्यांनी. रस्ता एक, वेग एक, गप्पा त्याच. पण दोघांच्या नडग्या आणि टाचा आज वेगवेगळं काम करून घरी जाणार आहेत. दम दोघांनाही सारखाच लागतो, म्हणून हा फरक धावताना जाणवत नाही. तो दहा-पंधरा दिवसांनी जाणवतो, आणि तेव्हा त्याचा संबंध त्या रविवारशी कुणी जोडत नाही.

‘दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका’ हा नियम सगळ्यांना पाठ आहे. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नवख्या धावपटूंचे दोन गट केले होते. एकाने दहा टक्क्यांच्या हिशोबाने हळूहळू वाढवलं, दुसऱ्याने नेहमीच्या कार्यक्रमाप्रमाणे झटपट. दोन्ही गटांत साधारण पाचात एक जण जखमी झाला, फरक काही निघाला नाही. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी तपासून एक अभ्यास आला, त्यात आठवड्याची बेरीज फारशी दोषी ठरली नाही. दोषी ठरलं ते एकच धावणं, मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांब. दुप्पट झालं तर धोकाही दुपटीच्या वर गेला. म्हणून माझ्या मते लक्षात ठेवायचा आकडा आठवड्याचा नाही, तो ‘गेल्या महिन्यातली माझी सगळ्यात लांब धाव’ हा आहे. ती ८ असेल तर उद्याची पावणेनऊपर्यंत. ग्रुप १५ करणार असेल तर त्यांच्यासोबत निघायचं, सव्वाचार किलोमीटरवर वळायचं आणि परत यायचं. हे करायला लाज वाटते, आणि या लाजेपायी दरवर्षी कितीतरी पोटऱ्या जातात.

वेग, चढ, रस्ता आणि बूट यांचाही भारात वाटा असतो. दोन आठवड्यांत यातली एकच गोष्ट बदलावी. नवीन बूट घेतले त्याच आठवड्यात सेमिनरी हिल्सचे चढ सुरू केले आणि अंतरही वाढवलं, तर दुखायला लागल्यावर नेमकं कशाने दुखलं हे फिजिओलाही सांगता येणार नाही.

दम आधी वाढतो, हाड शेवटी

हे समजलं की अर्धी कोडी सुटतात. नियमित धावायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांतच हृदय आणि फुप्फुसं सुधारायला लागतात. स्नायूंना सहा-आठ आठवडे लागतात. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तिला तीन महिन्यांहून अधिक. हाडाचं गणित तर उलटंच आहे. भार वाढला की हाड आधी जुना, झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवीन भरतं. नवीन भरून ते कडक व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे नवा सराव सुरू केल्यावर साधारण पहिल्या-दुसऱ्या महिन्यात हाड काही काळ आधीपेक्षा कमकुवत असतं. नेमकं याच वेळी माणसाला वाटतं, ‘आता मस्त जमायला लागलं.’ श्वास लागत नाही, वजन उतरलेलं असतं, उत्साह भरात असतो. नडगीचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडणारा बारीक तडा, याच काळात गाठतो.

याच कारणाने सगळ्यात जास्त धोक्यात असतो तो पूर्वी खेळलेला माणूस. कॉलेजच्या टीममध्ये बॅडमिंटन खेळलेला आणि चाळिशीत पुन्हा रॅकेट हातात घेतलेला. त्याच्या मेंदूला स्मॅश, लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), मागे झेपावणं सगळं आठवतं. नवख्याला तशी झेप घेताच येत नाही, म्हणून नवखा वाचतो. याला येते, पण टाचेमागची कंडरा पंधरा वर्षं खुर्चीखाली विश्रांती घेत होती. अ‍ॅकिलीस कंडरा तुटण्याचं ठरलेलं चित्र हेच आहे: तीस ते पन्नास वयाचा पुरुष, अधूनमधून खेळणारा, एकदम पुढे झेपावणारा.

ती तुटते तेव्हा ‘मागून कुणीतरी लाथ मारली’ असं वाटतं. माणूस खरोखर मागे वळून बघतो. नंतर लंगडत चालता येतं, म्हणून ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडून दिलं जातं आणि महिना वाया जातो. घरी करून बघायची एक तपासणी आहे. पालथं झोपायचं, पाय पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्यायचे आणि दुसऱ्याने पोटरी दोन्ही बाजूंनी दाबायची. दाबल्यावर पाऊल आपोआप खाली झुकायला हवं. चांगल्या पायाचं झुकलं आणि दुखऱ्याचं हललंच नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

मागच्या वर्षी काय दुखलं होतं?

कुणी सारखं जखमी होत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा. दुखापतींच्या अभ्यासांत बऱ्याच बाबतींत एकमत नाही, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघते: पुढची दुखापत कुणाला होईल याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गेल्या वर्षभरातली दुखापत. वजन, पायाची ठेवण, बूट हे सगळं तिच्या मागे.

याचं कारण असं, की दुखणं थांबणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. घोटा मुरगळला की सूज दोन आठवड्यांत उतरते, तीन-चार आठवड्यांत नीट चालता येतं. लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याला, घट्ट व्हायला मात्र कित्येक महिने लागतात. त्याहून वाईट म्हणजे पाऊल वाकडं पडतंय हे वेळेत ओळखून घोट्याला सावरणाऱ्या स्नायूंची तत्परता गेलेली असते, आणि ती विश्रांतीने परत येत नाही, सरावानेच येते. आपल्याकडे मात्र क्रेप बँडेज, मलम, पंधरा दिवस आराम, आणि सोळाव्या दिवशी थेट मॅच. तोच घोटा पुन्हा मुरगळतो. तिसऱ्यांदा मुरगळल्यावर लोक म्हणतात, याचा घोटाच कमजोर. घोटा कमजोर नव्हता, तो अर्धवट सोडलेला होता.

पूर्ण करायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. पहिल्या काही दिवसांनंतर, वजन टाकता यायला लागलं की एका पायावर उभं राहणं. आधी डोळे उघडे, ३० सेकंद, तीन वेळा. जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या जाड चादरीवर. सोबत दोन्ही पायांवर टाच उचलणं, आणि दोन्हींवर २० सहज झाले की एका पायावर. भिंतीकडे तोंड करून अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. दोन पायांत दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेलाच आहे. त्यानंतर एका पायावर उड्या: पुढे दहा, आडव्या दहा. दुखऱ्या पायाच्या उड्या चांगल्या पायाइतक्याच लांब आणि न डगमगता व्हायला लागल्या की मग कोर्टावर, आधी नुसते शॉट, नंतर मॅच. आणि पुढचे सहा महिने ते वर्षभर खेळताना घोट्याला ब्रेस. ब्रेसने पाय कमजोर होतो ही भीती निराधार आहे; एकदा मुरगळलेल्या घोट्याला तो पुन्हा मुरगळण्यापासून वाचवतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

मांडीमागचा स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, त्याचंही असंच. चालताना, जॉगिंग करताना काही कळत नाही. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत जोर लावायची त्याची ताकद तेवढी परतलेली नसते, आणि ती लागते फक्त पूर्ण वेगात धावताना. टर्फवर दोन धावा काढताना तो पुन्हा फाटतो तो त्यामुळे.

अजून एक गोष्ट सुटते. डावा पाय दुखत असताना महिनाभर उजव्यावर जोर देऊन चालल्यामुळे पुढची दुखापत उजव्यालाही होऊ शकते. म्हणून परत येताना दोन्ही पाय मोजायचे.

नागपूरचं वर्ष

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात न सापडणारा एक मुद्दा इथे आहे. आपलं वर्ष तुटक आहे. मार्च संपता संपता ऊन चढतं, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि बरेच जण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत धावणं बंद करतात. पहिला पाऊस पडला, हवा बदलली की सगळे एकाच आठवड्यात अंबाझरी तलावावर परततात, आणि मार्चमध्ये जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करतात. पुन्हा दिवाळीत दहा-बारा दिवसांची सुटी. मग थंडीतल्या स्पर्धा, ज्यांची नावनोंदणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि हातात आठ आठवडे उरतात. म्हणजे वर्षातून दोनदा मोठी उडी, जुलैत आणि नोव्हेंबरात.

याला उपाय आहे आणि तो उन्हाळ्यातच करावा लागतो. मे महिन्यात लांब धावायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे साडेपाचच्या आत, २० ते २५ मिनिटं पुरतात. तेही नको असेल तर दोरीवरच्या उड्या: घरात, पंख्याखाली, एक मिनिट उड्या आणि एक मिनिट विश्रांती असं आठ वेळा. कंडरा आणि हाडं यांना अंतराची नाही, आदळण्याची आठवण ठेवायची असते. पोहणं आणि सायकल यांनी दम टिकतो, पण टाच आणि नडगी यांची तयारी टिकत नाही. उन्हाळाभर पोहून जुलैत धावायला येणारा माणूस म्हणूनच फसतो: दम शाबूत, पाय रिकामे.

खंड पडलाच तर माझा हिशोब असा. दोन आठवड्यांचा खंड असेल तर आधीच्या निम्म्यावरून सुरुवात. महिना किंवा जास्त असेल तर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं असं दहा वेळा, दिवसाआड, दोन आठवडे. मग दोन मिनिटं-एक मिनिट. रोज धावायची चॅलेंजेस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ती या काळात घेऊ नयेत. कंडरेवर चांगला भार पडला की पहिला दिवसभर तिच्यात मोडतोड जास्त आणि बांधकाम कमी चालतं. ते पारडं फिरायला साधारण ३६ तास लागतात. नवख्याने दिवसाआड धावावं यामागे आळस नाही, हे कारण आहे.

उन्हाळ्याचा आणखी एक छुपा वार झोपेवर होतो. उन्हाआधी पळायचं म्हणून चारला उठायचं, पण कूलर लावूनही रात्री बाराच्या आधी झोप येत नाही. टर्फवाल्यांचं तर वेगळंच: स्लॉट रात्री दहा ते बारा, घरी येऊन झोप लागेपर्यंत दीड, आणि सकाळी ऑफिस. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शाळकरी खेळाडूंवरच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट निघाला. प्रौढांना तोच आकडा लावता येणार नाही, पण शरीराची दुरुस्ती झोपेत होते हे प्रौढांनाही लागू आहे. पाच तास झोप झाली असेल त्या दिवशी लांब किंवा वेगाचं धावणं करू नये, सावकाश अर्धा तास करावा. हा साधा नियम पाळणारे फार थोडे असतात.

सिमेंटच्या रस्त्यांवर आपल्याकडे फार राग आहे. सिमेंटने गुडघे जातात असं छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात पाय जमिनीप्रमाणे स्वतःचा ताठरपणा बदलतो; कठीण जमिनीवर तो मऊ पडतो, मऊ जमिनीवर ताठ होतो. नेहमी सिमेंटवर धावणाऱ्याला सिमेंट बाधत नाही, जसं मैदानावर धावणाऱ्याला मैदान बाधत नाही. त्रास होतो तो एकदम बदलल्याने. उताराचं मात्र मनावर घ्या. लोक सेमिनरी हिल्सच्या चढाला घाबरतात, पण गुडघ्याच्या वाटीवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर घाव घालतो तो उतार. चढताना धावा, उतरताना सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चाला. आणि एका बाजूला कललेल्या रस्त्याच्या कडेने रोज एकाच दिशेने धावत असाल तर एक दिवसाआड दिशा बदला.

रविवारचे खेळाडू

टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटमध्ये मांडी जाते तिची वेळ बघा. बहुतेकदा बॅटिंगला उतरल्यावर पहिल्या काही चेंडूंत, किंवा अर्धा तास एकाच जागी उभं राहून अचानक बॉलमागे धावल्यावर. पोट्टे टॉस होईपर्यंत मोबाईल बघत बसतात आणि मग पहिल्याच चेंडूवर दोन धावा पळतात. दहा मिनिटं पुरतात: तीन मिनिटं हलकं जॉगिंग, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, चालत लंज दहा-दहा, आडव्या पावलांनी सरकणं, आणि शेवटी वीस मीटरच्या तीन धावा, पहिली साठ टक्के वेगाने, दुसरी ऐंशी, तिसरी नव्वद. ही शेवटची तिसरी धाव सगळ्यात महत्त्वाची आणि तीच वगळली जाते. पॅड बांधून बसला असाल तर उतरायच्या दोन मिनिटं आधी पुन्हा एक छोटी धाव.

वर्षभरासाठी ‘नॉर्डिक’ हा मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम. गुडघ्यांखाली उशी, कुणीतरी घोटे घट्ट धरायचे, अंग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. नंतर आठवड्यातून दोनदा, वाढवत आठ-आठच्या तीन सेटपर्यंत. फुटबॉलपटूंवरच्या चाचण्यांमध्ये याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. सुरुवातीला मांडी भयंकर दुखते, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी कधीही सुरू करू नका, सोमवार-मंगळवार बरा.

टर्फवर लांब स्टडचे बूट नकोत. पाय गवतात अडकतो आणि वरचं अंग वळतं, गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट त्यातच जातं. छोट्या रबरी दाण्यांचे टर्फ शूज घ्या. बॅडमिंटनला धावण्याचे बूट घालणं ही तर रोज दिसणारी चूक आहे. त्यांचा सोल उंच आणि मऊ असतो, सरळ रेषेत जायला बनवलेला. आडवं झेपावताना पाऊल त्याच्या कडेवरून खाली गडगडतं. कोर्टासाठी बुटका, सपाट, गम सोलचा नॉन-मार्किंग बूट लागतो. घोट्यासाठी याहून स्वस्त विमा मला माहीत नाही.

ज्याला विनाकारण दोष दिला जातो

सपाट तळपाय. अमेरिकी सैन्यात हजारो रंगरुटांना पायाच्या आकारानुसार बूट देऊन बघितले गेले. सगळ्यांना सरसकट एकच बूट देण्यापेक्षा दुखापती कमी झाल्या नाहीत. दुकानात घालून पाच मिनिटं चालल्यावर जो आरामदायक वाटतो तो घ्यावा. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावा, आणि जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. टाच आणि चवड्यातल्या उंचीचा फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो दहा मिलिमीटरवरून चारवर आणलात तर पोटरी आणि टाचेवरचं ओझं वाढतं. म्हणून नवा जोड आठवड्यातून एकदाच, छोट्या धावेला, असं करत महिना-दीड महिन्यात रुळवावा.

धावण्याआधी एका जागी उभं राहून ताणून धरण्याचं स्ट्रेचिंग वाईट नाही, पण त्याने दुखापत टळत नाही. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या दीड हजार रंगरुटांवर हे तपासलं गेलं होतं, फरक पडला नाही. वीस मिनिटं स्ट्रेचिंगला देणारा आणि ताकदीच्या व्यायामाला शून्य देणारा माणूस आपला वेळ चुकीच्या खात्यात टाकतो. पंचवीस चाचण्या एकत्र करून २०१४ मध्ये जो हिशोब मांडला गेला त्यात ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या होत्या.

किती ताकद लागते ते एका पायरीवर कळतं. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच पूर्ण उचला, दोन सेकंदाला एक. वीसच्या आत पोटरी थकत असेल, किंवा दोन पायांत चार-पाचचा फरक असेल, तर धावण्याचं अंतर वाढवायचा अधिकार अजून मिळालेला नाही. धावताना टाचेमागच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ येते. म्हणून आठवड्यातून दोनदा पायरीवर गुडघा सरळ ठेवून १२-१५ चे तीन सेट, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. स्प्लिट स्क्वॅट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं) आठ-आठचे तीन. एका पायावरचा ब्रिज (पाठीवर पडून कंबर उचलणं) दहा-दहाचे तीन. साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग सरळ तोलून धरणं) अर्धा मिनिट दोन्ही बाजूंनी. महिन्याभरात सोपं वाटायला लागतं आणि इथेच बहुतेक लोक अडकतात, तेच तेवढंच वर्षभर करत राहतात. पाठीवर सॅक घ्या, त्यात पाच किलो तांदूळ घाला, नंतर दहा. ओझं वाढत नसेल तर कंडरा बदलत नाही.

ताट आणि औषधाची चिठ्ठी

लांब धावेनंतर सगळा ग्रुप तर्री पोह्यांच्या ठेल्यावर जातो. जरूर जा. पण एका प्लेटीतल्या पोह्यांतून आणि चार चमचे हरभऱ्यांतून जेमतेम आठ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. नियमित सराव करणाऱ्याला दिवसाला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ८० ते १००. वाटीभर वरणात पाच-सहा, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. बेरीज करून बघा, बहुतेकांची निम्म्यावर थांबते.

त्याहून गंभीर म्हणजे एकाच वेळी सराव वाढवणं आणि जेवण तोडणं. शरीराला खर्चापुरतं मिळालं नाही की ते हाडांची डागडुजी आधी थांबवतं. बायकांमध्ये याची स्पष्ट खूण असते: पाळी लांबते किंवा बंद होते. ‘व्यायामामुळे होतं’ म्हणून ते सोडून देऊ नका. पाळी तीन महिने आली नाही आणि नडगी किंवा पाऊल दुखतंय, तर सराव थांबवून डॉक्टरकडे जायचं. पुरुषांतही हे होतं, फक्त अशी खूण दिसत नाही. वारंवार हाड दुखणाऱ्याने ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. विदर्भात इतकं ऊन असूनही सकाळी दहा ते सहा छपराखाली असणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही लघवीच्या संसर्गापासून छातीच्या तापापर्यंत सर्रास दिली जाणारी अँटिबायोटिक्स कंडरेला इजा करू शकतात, विशेषतः टाचेच्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ पासून त्यांच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आहे. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. औषध संपल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने तो राहतो. डॉक्टरांनी दिलं असेल तर औषध घ्या, मनाने बंद करू नका, पण ‘मी धावतो’ हे त्यांना सांगा, आणि त्या काळात वेगाचं धावणं व उड्या बंद ठेवा. मधुमेह असलेल्यांच्या कंडराही ताठर होतात, त्यांनी सगळ्या वाढी याहून सावकाश कराव्यात.

धावण्याआधी दुखणं मारायची गोळी घेऊन निघणं बंद करा. दुखणं ही मोजपट्टी आहे, ती झाकली की वाचता येत नाही. शिवाय उन्हात घाम जात असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

दुखणं वाचायचं कसं

प्रत्येक दुखण्याला थांबणारा माणूस कमजोर होत जातो आणि कुठल्याच दुखण्याला न थांबणारा मोडतो. मधली वाट आकड्यात सांगता येते. शून्य ते दहाच्या मापावर धावताना दुखणं तीनपर्यंत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाइतकंच असेल, तर चालू ठेवायला हरकत नाही. सकाळचं पहिलं पाऊल हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. ते दिवसेंदिवस जास्त दुखत असेल तर अंतर एक तृतीयांशाने कमी करा आणि वेग व चढ पूर्ण काढून टाका.

हे माप हाडाला लावायचं नाही. बोटाच्या एका टोकाने दाखवता येईल अशी नडगीवरची किंवा पावलावरची जागा, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच चमक, रात्री पडल्यावरही ठणका: थांबा. एक्स-रे स्वच्छ आला तरी खूश होऊ नका, पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेस फ्रॅक्चर त्यात बरेचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. जांघेत किंवा खुब्याच्या पुढच्या बाजूला, वजन टाकल्यावर दुखत असेल तर एकही धाव आणखी करू नका. मांडीच्या हाडाच्या मानेतला तडा पूर्ण मोडू शकतो. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच.

आणि एक दोनशे पानी वही घ्या. स्ट्राव्हासारख्या धावनोंदीच्या अ‍ॅपवर अंतर दिसतं, पण बाकीचं दिसत नाही. रोज पाच रकाने: मिनिटं, किती कठीण वाटलं ते एक ते दहामध्ये, दोघांचा गुणाकार, रात्रीची झोप, सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं. चाळीस मिनिटं आणि कष्ट पाच, म्हणजे दोनशे. टर्फवरचा दीड तास आणि कष्ट आठ, म्हणजे सातशे वीस, जो बहुतेक धावपटू मोजतच नाहीत कारण ‘तो तर खेळ होता’. लग्नातली रात्र, बाहेरगावचा प्रवास, ताप, नवीन बूट हे समासात लिहा. पुढच्या वेळी काही दुखायला लागलं की आदला दिवस बघू नका. तीन आठवडे मागे जाऊन पानं उलटत या. फिजिओकडे जाताना ती वही सोबत न्या.